निवृत्तीच्या आधी पाच वर्षं: ग्वाल्हेरजवळ घरचा शेळ्यांचा कळप कसा उभा करावा

जमीन, शेड, जात, कर्ज हे सगळं नंतर. आधी घरात बसून एक गोष्ट स्पष्ट बोलून घ्या: आपण वाढवलेले बोकड शेवटी मांसासाठीच विकले जाणार. शेळीपालनाचं उत्पन्न तिथूनच येतं. दूध आणि लेंडीखत हा वरचा आधार. ग्वाल्हेरच्या लष्कर आणि कंपू या भागांतल्या कितीतरी मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या मांसाहार नाही. अशा घरात साहेब उत्साहाने शेळ्या आणतात आणि पहिला बोकड विकायची वेळ आली की घर दुभंगतं. घरातल्यांना हे मनापासून पटत नसेल तर त्यात कमीपणा काही नाही. त्या कुटुंबाने दोन गायी पाळाव्यात, भाजीपाला करावा. पण "नुसत्या दुधावर शेळ्या पाळू" ही समजूत करून घेऊन सुरुवात करू नका. या भागातली बरबरी जातीची शेळी दिवसाला लिटरभराच्या आसपास दूध देते आणि त्यातला मोठा वाटा करडांनाच लागतो.

घरचा होकार मिळाला की पुढचा प्रश्न वेळेचा. निवृत्तीनंतर सुरू करू असं बहुतेकांच्या मनात असतं, कारण तेव्हा वेळही असतो आणि हातात ग्रॅच्युइटी, भविष्यनिर्वाह निधीही. मला नेमकं हेच धोक्याचं वाटतं. एकरकमी पैसा हाती असलेला नवखा माणूस पन्नास शेळ्या एकदम आणतो, पक्की शेड बांधतो आणि पहिल्याच पावसाळ्यात रोगाने कळप अर्धा होतो. उलट पाच वर्षं आधी तयारीला लागून दहा शेळ्यांनी सुरुवात केली तर चुकांची किंमत लहान राहते. पगार चालू असल्यामुळे पोटापाण्याची चिंता नसते आणि कळप आपल्याच करडांनी वाढतो. मध्य प्रदेश शासनाच्या नोकरीत निवृत्तीचं वय ६२, केंद्राच्या नोकरीत ६०. म्हणजे पंचावन्न-छप्पनच्या आसपास तयारीला लागावं, तेव्हा गुडघेही साथ देत असतात.

नोकरीत असताना नियम काय सांगतो

सरकारी नोकरीत असाल तर हे टाळू नका. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या १९६४ च्या आचरण नियमांतल्या नियम १५ प्रमाणे पूर्वपरवानगीशिवाय कोणताही व्यापार-धंदा करता येत नाही, आणि कुटुंबातली व्यक्ती धंदा करत असेल तर त्याची माहिती कार्यालयाला द्यावी लागते. राज्याच्या कर्मचाऱ्यांसाठीही याच धाटणीचे नियम आहेत. एजी ऑफिसपासून (महालेखाकार कार्यालय) शाळा-महाविद्यालयांपर्यंत ग्वाल्हेरमधली बरीच मराठी मंडळी या नियमांखाली येतात. धंदा पत्नीच्या, पतीच्या किंवा मुलाच्या नावाने खरोखर चालवायचा, खातं त्यांच्या नावाचं ठेवायचं आणि कार्यालयात लेखी कळवून पोच घ्यायची हा सरळ मार्ग. जमीन खरेदीचीही माहिती द्यावी लागते.

आयकराचाही एक गैरसमज इथेच दूर करू. शेतीचं उत्पन्न करमुक्त असलं तरी शेळ्या विकून आलेला पैसा शेतीचं उत्पन्न धरला जात नाही. तो धंद्याचा नफा. म्हणून पहिल्या दिवसापासून चारा, औषधं, मजुरी यांच्या पावत्या जपा.

पहिलं वर्ष: शिकायचं आणि चारा लावायचा

या वर्षी एकही शेळी विकत घ्यायची नाही. ग्वाल्हेरकरांचं भाग्य असं की देशातली शेळ्यांवरची मुख्य संशोधन संस्था आपल्यापासून दीडशे किलोमीटरच्या आसपास आहे. आग्र्याच्या पुढे, मथुरा जिल्ह्यात फरहजवळ मखदूम इथे केंद्रीय बकरी अनुसंधान संस्थान १९७९ पासून काम करतं. तिथे शास्त्रशुद्ध शेळीपालनाचं प्रशिक्षण मिळतं आणि बरबरी, जमनापारी, जखराना या जातींचे कळप डोळ्यांनी पाहता येतात. प्रशिक्षणाला शक्यतो नवरा-बायको दोघांनी जावं. एकाने शिकून दुसऱ्याला सांगितलेलं मध्यरात्री अडलेल्या शेळीजवळ आठवत नाही. शहरातच राजमाता विजयाराजे सिंधिया कृषी विश्वविद्यालय आहे. त्यांच्या कृषी विज्ञान केंद्रात चाऱ्याची बेणी आणि माती-पाण्याचा सल्ला मागा.

पुस्तकी शिक्षणाइकंच महत्त्वाचं दुसरं शिक्षण गावात मिळतं. ग्वाल्हेर-चंबळ भागात पाल-बघेल समाजातले लोक पिढ्यान्‌पिढ्या शेळ्या-मेंढ्या राखत आले आहेत. त्यांच्याकडे सुट्टीच्या दिवशी जाऊन बसा. गाभण शेळीची चाल, आजारी शेळीचे कान, माजावर आलेल्या शेळीचं शेपूट हलवणं हे त्यांच्या नजरेतून शिकायचं.

जमिनीबद्दल थोडक्यात. गुजरात-महाराष्ट्रासारखी, शेतकरी असल्याशिवाय शेतजमीन घेता येत नाही ही अट मध्य प्रदेशात नाही. पण आदिवासी भूमिस्वामीच्या जमिनीवर भू-राजस्व संहितेच्या कलम १६५ ची बंधनं आहेत. शिवपुरी-श्योपूरच्या बाजूला स्वस्त जमीन दाखवली तर हे आधी तपासा. खसरा आणि बी-वन हे जमिनीचे उतारे, रस्त्याचा हक्क पाहा, सीमांकन (हद्दीची मोजणी) करून घ्या आणि नामांतरण (फेरफार) होईपर्यंत पाठपुरावा सोडू नका. विकत घेणं झेपत नसेल तर लेखी करारावर एक-दोन एकर घेऊन सुरुवात करायला हरकत नाही. फक्त तिथे पक्कं बांधकाम करू नये.

जागा निवडताना तीन गोष्टी पाहा: बारमाही पाणी, पावसाळ्यात न तुंबणारी उंच जमीन आणि घरापासून पाऊण तासाच्या आतला रस्ता. डबऱ्याकडे कालव्याचं पाणी आणि गव्हा-भाताची शेती, त्यामुळे भुसा जवळ मिळतो पण जमीन महाग. घाटीगाव-पनिहारकडे दगडाळ, झुडपी जमीन. ती शेळीच्या स्वभावाला मानवते, पण उन्हाळ्यात पाण्याचं आधी पाहावं लागतं. मला विचाराल तर पाण्याची खात्री असलेली थोडी महाग जमीन बरी.

जमीन हाती आली की चाऱ्याला लागा. ऑक्टोबरमध्ये बरसीम पेरलं की साधारण महिन्या-महिन्याने कापण्या मिळत एप्रिलपर्यंत हिरवा चारा पुरतो. उन्हाळा-पावसाळ्यासाठी संकरित नेपियरची ठोंबं लावा आणि बांधावर सुबाभूळ, शेवगा, शेवरी, बोर, बाभूळ. शेळी गायीसारखी खाली मान घालून चरण्यापेक्षा वरचा पाला ओरबाडून खाणारा प्राणी आहे. झाडपाला जितका अधिक तितकी ती तरतरीत. या झाडांना हाताशी यायला वर्ष-दीड वर्ष लागतं, म्हणूनच चारा शेळ्यांच्या आधी. ज्वारीचा कोवळा किंवा पाण्याअभावी सुकत चाललेला चारा देऊ नका, त्यात विष तयार होतं आणि शेळी तासाभरातही दगावू शकते. ज्वारी फुलोऱ्यावर आली की मगच कापा.

किती चारा लागतो: हिशेब

पंचवीस-तीस किलोच्या शेळीला दिवसाला साधारण दोन किलो हिरवा चारा, सहाशे ग्रॅम कोरडा भुसा आणि दोनशे ग्रॅम खुराक धरा. पाणी तीन ते पाच लिटर, मे-जूनमध्ये त्याहून अधिक. वीस शेळ्यांना वर्षाला हिरवा चारा सुमारे १५ टन, भुसा ४४ क्विंटल आणि खुराक १५ क्विंटल लागतो. करडांचं वेगळं. अर्धा एकर बरसीम आणि तेवढंच नेपियर नीट पाणी देऊन केलं तर हिरव्या चाऱ्याची ओढ होत नाही.

भुसा मात्र मार्च-एप्रिलमध्ये, खळं चालू असतानाच वर्षभराचा भरून ठेवा. पावसाळ्यात तोच भुसा चढ्या भावाने घ्यावा लागतो. आपल्या भागात हरभरा आणि तूर भरपूर. त्यांचा भुसा शेळ्या गव्हाच्या भुशापेक्षा आवडीने खातात आणि त्यात प्रथिनंही जास्त. खुराक घरीच करा: ५० किलो भरडलेला मका किंवा जव, २५ किलो पेंड, २२ किलो चोकर (गव्हाचा कोंडा), २ किलो खनिज मिश्रण, १ किलो मीठ. पेंड सगळी मोहरीचीच घालू नका, निम्मी सरकीची किंवा शेंगदाण्याची असू द्या. लग्नाकार्यातल्या उरलेल्या पोळ्या, भात, पुऱ्या शेळ्यांपुढे कधीही टाकू नका. पोटात आम्ल होऊन धडधाकट शेळी दुसऱ्या दिवशी आडवी होते. असं प्रेम करणारे पाहुणे फार असतात, त्यांना दारातच सांगून ठेवा.

शेड

ग्वाल्हेरची हवा दोन्ही टोकांची. उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या पुढे आणि जानेवारीत दोन-तीन अंशांपर्यंत खाली. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे दुपारचं ऊन आत कमी येतं. मोठ्या शेळीला छपराखाली दहा ते बारा चौरस फूट, पैदाशीच्या बोकडाला वीस, आणि बाहेर मोकळं आवार याच्या दुप्पट. दहा शेळ्यांपासून तीसपर्यंत जायचं असेल तर शेड सुरुवातीला पंधरा शेळ्यांची बांधा आणि एका बाजूला वाढवता येईल अशी जागा सोडा.

नुसता पत्रा मे महिन्यात भट्टी होतो. पत्राच घालायचा असेल तर उंच घाला, वरून चुना मारा आणि त्यावर गवताचा थर टाका. आपल्याकडे दगडाच्या पटिया (लांब फरशा) स्वस्तात मिळतात. त्या उभ्या रोवून कुंपण आणि कंबरेइतकी भिंत होते, वर जाळी. वारा खेळता हवा, पण कुत्रं आत येता कामा नये. भटक्या कुत्र्यांची टोळी एका रात्रीत अख्खा कळप फाडते. चोरीचीही भीती आहे, म्हणून रात्री कुलूप आणि शेजारी माणसाचा मुक्काम हवाच.

शेडमधली जमीन मुरमाची, उताराची. सिमेंट केलंत तर मुताचा ओलावा साचतो, खुरं सडतात. महिन्यातून एकदा चुन्याची भुकटी टाका आणि वर्षातून दोनदा वरचा मातीचा थर खरवडून शेतात घाला. गव्हाण जमिनीपासून वर असावी. शेळी तुडवलेल्या चाऱ्याला तोंड लावत नाही, त्यामुळे गव्हाण चुकली की निम्मा चारा पायदळी जातो. हिवाळ्यात रात्री बाजूने पोत्यांचे पडदे सोडा आणि खाली भुशाचा बिछाना. धुक्याच्या दिवसांत करडं दगावतात ती बहुतेक न्यूमोनियाने.

कोणती जात

या भागात तीन नावं पुढे येतात. जमनापारीचं मूळ घर यमुना-चंबळच्या बेहडातलं (घळींच्या मुलखातलं), इटावा जिल्ह्यातलं चकरनगर. उंच, लोंबत्या कानांची, पोपटासारख्या वाकड्या नाकाची देखणी जात, पण ती फिरून चरणारी आहे, बांधून ठेवलेली मानवत नाही. राजस्थानची सिरोही काटक आणि अंगाने भरीव, झुडपी माळ असेल तर चांगली. बरबरी लहान चणीची, उभ्या कानांची, पांढऱ्यावर तांबूस ठिपक्यांची. आग्रा, मथुरा, एटा, इटावा हा तिचा मुलूख म्हणजे आपला शेजार. ती बांधून खाऊनही वाढते, लवकर वयात येते आणि जुळी देण्यात पुढे आहे.

नोकरी करत असलेल्या कुटुंबासाठी मी निःसंकोच बरबरीच सांगेन. साठीतल्या माणसाला पंचवीस किलोची शेळी धरून औषध पाजता येते, जमनापारीला धरताना हात निखळतो.

खरेदी पावसाळा संपल्यावर, सप्टेंबर-ऑक्टोबरात करा. बाजारातून एकेक न उचलता, एक-दोन विश्वासू पाळणाऱ्यांकडून एकत्र घ्या. बाजारात येणाऱ्या शेळ्यांत रोगी आणि वांझ शेळ्या बऱ्याच असतात. तोंड उघडून दात पाहा: दोन मोठे दात असतील तर वय साधारण सव्वा ते दीड वर्ष, चार असतील तर दोनच्या आसपास. याच वयाच्या घ्या. कास मऊ, दोन्ही सड सारखे, डोळ्याच्या खालच्या पापणीचा आतला भाग गुलाबी-लाल हवा. तो पांढरट दिसला तर पोटात जंत असण्याची शक्यता मोठी. जुळ्यांतून जन्मलेली शेळी मिळाली तर उत्तम. बोकडावर मात्र कंजूषी करू नका. दहा शेळ्यांच्या प्रत्येक करडात अर्धा वाटा त्याचा असतो. शक्य असेल तर मखदूमला आधीच नाव नोंदवून तिथलाच बोकड आणा. वीस-पंचवीस शेळ्यांमागे एक बोकड पुरतो. त्याच्या मुली वयात येण्याआधी, म्हणजे दीड-दोन वर्षांत, त्याला बदला. नाहीतर नात्यात पैदास होऊन करडं खुरटतात.

नवी जनावरं आणली की तीन ते चार आठवडे वेगळ्या जागी ठेवा, पहिल्या खेपेलाही, कारण सवय तिथूनच लागते.

वर्षाचं वेळापत्रक

शेळीचा गाभणकाळ सुमारे १५० दिवसांचा आणि माज साधारण २१ दिवसांनी येतो. हे दोन आकडे धरून सगळं वर्ष आखता येतं. बोकड बारा महिने कळपात मोकळा सोडू नका. मे-जूनमध्ये आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्येच मिसळा. म्हणजे करडं ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि मार्च-एप्रिलमध्ये जन्मतात. जानेवारीची थंडी आणि जूनची होरपळ दोन्ही चुकतात, आणि व्यायच्या काळात तुम्ही रजा टाकून तिथे राहू शकता. नोकरदारासाठी हा दुसरा फायदा लहान नाही.

फळवण्याच्या आधी दोन-तीन आठवडे रोज दोनशे ग्रॅम जास्त खुराक द्या, जुळ्यांचं प्रमाण वाढतं. गाभणपणाच्या शेवटच्या सहा आठवड्यांत पुन्हा तेवढाच वाढवा, कारण गर्भाची बरीचशी वाढ त्याच काळात होते. पाठ, म्हणजे अजून न व्यालेली तरुण शेळी, दहा-बारा महिन्यांची आणि किमान पंधरा किलोची झाल्याशिवाय फळवू नका.

शेळी व्याली की करडाचं नाक-तोंड पुसा, नाळ दोन इंचांवर कापून आयोडीनमध्ये बुडवा आणि तासाभरात चीक पाजा. पहिल्या चोवीस तासांत वजनाच्या दहाव्या हिश्शाइतका चीक पोटात गेला पाहिजे. दोन किलोच्या करडाला दोनशे मिली. वार पडल्यावरच चीक पाजायचा ही जुनी समजूत अजून गावागावांत आहे आणि तिने फार करडं मारली आहेत. वाट पाहू नका. तीन महिन्यांनी करडं आईपासून तोडा.

लसींचं पान भिंतीवर चिकटवा. पीपीआरची (शेळ्यांच्या प्लेगची) लस करडू तीन-चार महिन्यांचं झालं की द्यायची, तिचं संरक्षण तीन वर्षं टिकतं. आंत्रविषाराची दरवर्षी पावसाळ्याआधी, पहिल्यांदा देताना दोन आठवड्यांनी पुन्हा. घटसर्पाची मे-जूनमध्ये. लाळ्या-खुरकुताची सहा महिन्यांनी. देवीची वर्षातून एकदा. पीपीआर सगळ्यांत घातक: ताप, नाका-डोळ्यांतून घाण, तोंडात फोड, पातळ हगवण, आणि बघता बघता सगळा कळप. ही एक लस चुकवणं म्हणजे बाकी सगळी मेहनत उघड्यावर टाकणं. पशुवैद्यकीय विभागाकडे आधीच नोंद करा. तातडीला १९६२ या क्रमांकावर फिरता दवाखाना बोलावता येतो.

जंतांचं औषध पावसाळ्याआधी आणि पावसाळा संपल्यावर द्या. मधल्या काळात दर पंधरवड्याला पापणी पाहा, फिकट दिसेल त्या शेळीलाच पाजा. सगळ्यांना सारखं पाजत राहिलं की जंत त्या औषधाला दाद देईनासे होतात. जबड्याखाली पाणी भरल्यासारखी सूज आली तर ती जंतांचीच असण्याची शक्यता मोठी, त्या दिवशीच डॉक्टरांना दाखवा.

शेळी गाभडली तर पडलेलं करडू आणि वार उघड्या हाताने उचलू नका. त्यात ब्रुसेला हा जंतू असू शकतो, त्याचा रोग माणसाला होतो आणि महिनोन्‌महिने ताप-सांधेदुखी देतो. हातमोजे, चुना, खोल खड्डा. कच्चं दूध घरात कुणीही, नातवंडांनी तर मुळीच, पिऊ नये. उकळूनच.

कळप किती वेगाने वाढतो

दोन वर्षांत तीन वेतं असं सगळीकडे लिहिलेलं असतं. आखणी करताना वर्षाला एकच वेत धरा आणि दर वेताला दीड करडू. दहा शेळ्यांची पंधरा करडं, त्यांतली पंधरा टक्के मरतील असं गृहीत धरलं तर बारा-तेरा हाती येतात, निम्म्या माद्या. त्यांतल्या उत्तम चार-पाच ठेवायच्या, जुनी एखादी दरवर्षी काढायची. या चालीने शेळ्या आणल्यापासून तिसऱ्या वर्षी अठराच्या आसपास आणि पाचव्या वर्षी तीसच्या जवळ शेळ्या होतात, बाहेरून पुन्हा एकही मादी न आणता. आपल्याच आवारात जन्मलेली शेळी आपल्या पाण्याला, चाऱ्याला, हवेला सरावलेली असते. हा फायदा पैशाने विकत मिळत नाही.

तीस शेळ्यांवर वर्षाला सुमारे ३८ करडं जगतात. पाच-सहा माद्या ठेवून बाकी आणि काढलेल्या जुन्या शेळ्या मिळून पस्तीसेक जनावरं विकायला निघतात. सरासरी वीस किलो धरली तर ७०० किलो जिवंत वजन. याला तुमच्या बाजारातल्या आजच्या किलोच्या भावाने गुणा. त्यातून ६६ क्विंटल भुसा, करडांसकट सुमारे ३७ क्विंटल खुराक, राखणदाराचा पगार, औषधं-विमा वजा करा. जी रक्कम उरते ती पेन्शनच्या जोडीला चांगली असते. एवढ्या कळपावर संपूर्ण घर चालवायची अपेक्षा ठेवू नये. हा हिशेब पहिली शेळी आणायच्या आधी कागदावर करून बघा. तुमच्या भावाने तो जुळत नसेल तर शेळ्या आणून जुळणार नाही.

मोठं करायचंच असेल तर राष्ट्रीय पशुधन मिशनमध्ये १०० शेळ्या आणि ५ बोकडांच्या युनिटपासून ५०० अधिक २५ पर्यंत ५० टक्के भांडवली अनुदान आहे, कमाल १० लाखांपासून ५० लाखांपर्यंत, दोन हप्त्यांत. अर्ज उद्यमीमित्र पोर्टलवर होतो. पण शंभर शेळ्या हा पूर्णवेळ धंदा आहे. अनुदानासाठी कळप वाढवू नका. तीस शेळ्या तीन वर्षं नीट सांभाळल्या असतील आणि घरात तरुण हात असतील, तरच त्या वाटेला जा. खेळत्या भांडवलासाठी किसान क्रेडिट कार्ड पशुपालनालाही मिळतं. कुठल्याही कर्जाचा शेवटचा हप्ता निवृत्तीच्या महिन्याआधी संपला पाहिजे.

विक्री

पहिली गोष्ट, काटा घ्या. व्यापारी पाठीवर हात फिरवून अंदाजाने भाव करतो आणि त्याचा अंदाज तुमच्यापेक्षा नेहमीच पक्का असतो. जनावर लटकवायचा साधा काटा पहिल्या दोन-तीन विक्रीतच फिटतो.

वर्षभर थोडे थोडे बोकड विकायचे की बकरीदसाठी राखायचे, हे दरवर्षी ठरवा. बकरीदला भाव चांगला मिळतो, पण बोकड वर्षाचा पूर्ण, शिंग मुळापासून न मोडलेला, न लंगडणारा, कान न फाटलेला लागतो. चांद्र पंचांगामुळे हा सण दरवर्षी दहा-अकरा दिवस आधी येतो. २०२५ मध्ये तो ७ जूनला होता, त्यावरून पुढचा अंदाज बांधा. मार्च-एप्रिलचे बोकड पुढच्या मे महिन्यात नेमके तेरा-चौदा महिन्यांचे होतात. त्यांना शेवटचे तीन महिने खुराक वाढवा, पण हळूहळू, आणि पाणी भरपूर. नुसत्या दाण्यावर ठेवलेल्या बोकडांना, विशेषतः खच्ची केलेल्यांना, मूतखडा होऊन लघवी तुंबते. ग्राहक थेट घरी येऊन घेतील तर दलालाचा वाटा वाचतो. मुरार, लष्करमधल्या ओळखींना रमजानच्या सुमारासच फोटो दाखवायला लागा.

चांगल्या पैदाशीच्या माद्या मांसाच्या भावाने देऊ नका. तीन-चार वर्षांच्या नोंदी असतील तर गावातला नवा पाळणारा त्यांना जास्त पैसे देतो. म्हणूनच वही. प्रत्येक जनावराचा क्रमांक, आई-बाप, जन्मतारीख, तीन, सहा आणि नऊ महिन्यांचं वजन, लसी, वेतं. कानातला बारा अंकी बिल्ला सरकारी लसीकरणात मिळतो. विम्याचा दावाही त्याच्याशिवाय उभा राहत नाही. जनावर मेलं तर बिल्ला काढून टाकू नका, आधी शवविच्छेदन आणि दाखला.

माणसं

नोकरी चालू असताना रोजचं काम राखणदार करतो आणि त्याच्यावरच सगळं अवलंबून असतं. त्याला पगार वेळेवर द्या, राहायला पक्की खोली आणि शौचालय द्या, आणि दर वर्षी विक्रीत ठरावीक हिस्सा किंवा एक-दोन पाठी त्याच्या नावाने ठेवा. ज्याचं स्वतःचं जनावर कळपात आहे तो रात्री उठून बघतो. घरातल्या कामांची वाटणीही आधी ठरवा: लसी-औषधं कुणाकडे, वही आणि बँक कुणाकडे, चाऱ्याची खरेदी कुणाकडे. पुण्याला किंवा बेंगळुरूला असलेल्या मुलांना दर महिन्याला वहीचे फोटो पाठवा. तुम्ही आजारी पडलात तर कळपाचं काय करायचं हे निदान एकाला तरी माहीत असावं. आठवड्यातून दोनदा तुम्ही स्वतः तिथे पोचलाच पाहिजे, त्यातली एक वेळ पहाटेची. आजारी शेळी सकाळी चाऱ्याकडे उशिरा येते, तेवढ्यावरूनच ती ओळखता येते.

निवृत्तीचं वर्ष

हातात मोठी रक्कम येईल आणि कळप दुप्पट करायचा मोह होईल. पहिलं वर्षभर कळप आहे तेवढाच ठेवा. आता तुम्ही रोज तिथे असणार, त्यामुळे आजवर न दिसलेल्या गोष्टी दिसतील: कोणती शेळी दुसरीला गव्हाणीवरून हाकलते, कुठल्या कोपऱ्यात ओल राहते, कोणतीचं दूध करडांना पुरत नाही. त्याप्रमाणे वर्षभरात जनावरं काढा, ठेवा, शेड दुरुस्त करा. राखणदाराला काढून टाकू नका. रोज साठ किलो चारा कापून वाहणं साठीनंतर एकट्याने होत नाही. कडबाकुट्टी यंत्र याच वर्षी घ्या आणि त्याला हात आत जाणार नाही असं झाकण बसवून घ्या. बँक खात्यावर नामनिर्देशन करा. बोकड बदलायची पाळी याच वर्षी येत असेल तर नवा बोकड मार्चअखेर आणून वेगळा ठेवा, म्हणजे मे महिन्यात कळपात सोडायच्या वेळी त्याच्या लसी पूर्ण झालेल्या असतील आणि तो इथल्या उन्हाला सरावलेला असेल.